दगड घरून न्यावा

आमच्या मामाजींच्या मोटारीच्या डिकीत दोन काळे दगड असतात. एकावर पांढऱ्या ऑइलपेंटने ‘पुढचा’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘मागचा’. लग्नानंतर पहिल्यांदा भंडाऱ्याला गेलो तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी देवस्थानाचं काही असेल. विचारलं तर म्हणाले, “चाकाला लावायचे. जॅक चढवण्याआधी.”

“पण मामाजी, दगड काय, रस्त्यावरही सापडतो.”

“तुम्ही अमरावतीचे, जावईबापू. इथं रस्ता सोडला की धानाची बांधी. बांधीत चिखल सापडतो. आणि सापडलाच दगड, तर तो धुऱ्यावरचा देव असतो. त्याला चाकाखाली घालाल?”

मामाजी म्हणजे माझे सासरे. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाले, पण शिकवणं काही रिटायर झालं नाही. गाडी १९५४ ची मॉरिस मायनर. ती त्यांनी १९८८ साली एका मालगुजाराच्या वाड्यातून आणली, तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मामाजींनी तिला उठवलं नाही, पिल्लं निघेपर्यंत थांबले, असं सासूबाई सांगतात. ८०३ सीसीचं इंजिन आहे, आणि वळताना दाराच्या मागच्या खांबातून पिवळा हात बाहेर येतो. तो आत जायचं नाव घेत नाही, म्हणून बाजूला बसलेल्याने खिडकीतून चापट मारायची. लग्नात मला घड्याळ मिळालं आणि हे काम मिळालं.

काही माणसांना प्रवासाची हौस असते. मामाजींना प्रवासात येणाऱ्या अडचणीची. गाडी घेतल्यापासून रस्त्यावर ती एकदाही पंक्चर झाली नव्हती, आणि हे दुःख ते बोलून दाखवत नसत. पंपावर हवा भरणारा पोरगा “टायर एकदम झकास हाय सर” म्हणाला की त्यांचा चेहरा उतरायचा.

या नादाला कारण आहे. विशीत असताना, कलकत्ता रोडवर (तेव्हाचा सहा नंबर, आता त्रेपन्न) एका ट्रकचा मागचा भाग त्यांनी जॅकवरून खाली येताना पाहिला. क्लीनर अर्ध्या मिनिटापूर्वी चहाला उठला होता. तेव्हापासून मामाजी चहाला नाही म्हणत नाहीत आणि जॅकला हो म्हणत नाहीत.

गाडीचा मूळ जॅक गाडीसोबतच आला होता. या गाडीला दोन्ही बाजूंना, मधोमध, दाराच्या पट्टीखाली एक चौकोनी खोबण असते. तिच्यात जॅकचा दांडा अडकवायचा आणि मळसूत्र फिरवायचं. त्या बाजूची दोन्ही चाकं उचलतात, गाडी डोंग्यासारखी कलते. विलायतेत कलत असेल. वैनगंगेकाठच्या तेवढ्या पावसाळ्यांनंतर खोबणीभोवतीचा पत्रा पापडासारखा झाला होता. मामाजींनी अंगणात दांडा फिरवला. जॅक वर गेला, गाडी जागच्या जागी. कुरकुर असा आवाज आला आणि दांडा पत्रा फाडून कार्पेटला टेकला.

मग भंगारातून कैची जॅक आला, नव्या गाडीचा. त्याच्या माथ्यावरची खाच नव्या गाडीच्या पट्टीला बसते. मॉरिसला ती बसेना. पाय तर पोस्टकार्डाएवढा, मुरमात रुतून वाकडा होणारा. तो बाद. ट्रॉली जॅक गॅरेजमध्ये राजा असतो. पण त्याचा हात गोलाईने वर जातो, म्हणून त्याची लोखंडी चाकं सरकायला हवीत. मुरमात ती सरकत नाहीत. मग जॅकऐवजी वरचं टेकण सरकतं, आणि टेकणावर गाडी असते. शिवाय तो इतका जड, की उचलायला दुसरा जॅक लागला असता. कुणीतरी अमेरिकन शेतकऱ्यांचा उंच दातेरी जॅक सुचवला. तो १९०५ पासून बनतो म्हणून मामाजींना आदर वाटला. पण हात निसटला तर त्याचा दांडा उलटा येऊन जबड्यावर बसतो, हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, “आत्ताच कवळी बसवली आहे.” विषय संपला.

राहिला बाटली जॅक, तेलाचा. त्यावर मला तासभर पास्कल ऐकावा लागला, आणि ब्रामा नावाच्या इंग्रजाने १७९५ साली याच तत्त्वावर दाबयंत्राचं पेटंट घेतल्याचंही. दोन टनाचा जॅक, पाऊण टनाच्या आसपास गाडी. म्हणजे हिशेबात बसतं. मामाजी म्हणाले, “वजन कुणीही उचलतं. टायर बसल्यावर जॅक खाली जातो का, ते पाहिलंय कुणी?” त्यांनी चांगल्या टायरची हवा सोडली, चटई टाकून पालथे झाले, फूटपट्टीने मोजलं. ॲक्सलखाली पावणेसात इंच जागा. जॅक सात इंच. ठेंगणा जॅक शोधायला नागपूरच्या तीन खेपा झाल्या, एसटीने. गाडी नेली नाही. वाटेत पंक्चर झाली तर?

मधल्या काळात नापास जॅक घरात रुळले. कैचीने गोदरेजचं कपाट उचलून खाली फरशी बसवली. ट्रॉलीने धानाची कोठी हलवली. शेजारच्यांचं दार खाली बसलं की बोलावणं यायचं, आणि मामाजी आधी दारालाही दगड लावायचे.

सरकारनेही अडचण केली. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. मामाजींनी फॉर्म आणला, नंबरप्लेटचं चित्रही काढलं. मग वाचलं, की अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. फॉर्म परत कपाटात गेला. “रस्त्यावर नाही जाणार, तर पंक्चर कुठं होणार?”

पण त्यांची खरी करामत वेगळीच. जॅकचा माथा सपाट, ॲक्सल गोल. मेकॅनिक म्हणाला, लाकडाचा ठोकळा ठेवा. मामाजी म्हणाले, भंडाऱ्यात राहून लाकूड? हा पितळेचा गाव. त्यांनी मेणाचा नमुना करून ओतीव काम करणाऱ्याकडून एक वाटी करून घेतली: जाड पितळेची, खालून जॅकच्या माथ्यावर टोपणासारखी घट्ट बसणारी, वरून ॲक्सलच्या गोलाईची. आणि भांड्यावर घालतात तसं नाव घातलं. ‘मॉरिस. अक्षय्य तृतीया.’ ती इतकी देखणी झाली होती की मीही दोनदा हातात घेऊन पाहिली. मेकॅनिकने मात्र मान हलवली.

मागच्या रोवणीत पवनीला एक बारसं होतं. मामाजींनी गाडी काढली. अड्याळच्या अलीकडे मागचं डावं चाक फस्स करून बसलं.

मामाजी स्टिअरिंगवर हात ठेवून क्षणभर गप्प बसले. मग हळूच म्हणाले, “झालं.” आवाजात बारशाचाच आनंद होता.

पुढचा अर्धा तास मी जे पाहिलं, ते भटजींनी पाहिलं असतं तर लाजले असते. आधी जागा. डांबर टणक, पण ट्रक वाऱ्यासारखा गेला की जॅकवरची गाडी थरथरते. कडेला ट्रक नाही, पण मुरूम ओला. मामाजी टाचेने जमीन ठोकत वीस पावलं गेले, वीस आले. गाडी तिथवर ढकलली. पुढच्या चाकाला ‘पुढचा’, पलीकडच्याला ‘मागचा’.

“गिअरमध्ये आहेच की,” मी म्हणालो.

“मागचं एक चाक उचललं की गिअर काय धरणार? डिफरन्शियल हवेतलं चाक फिरवतं आणि गाडी निघते फिरायला.” पलीकडच्या चाकाला हँडब्रेक, शिवाय दगड. सागाची फूटभर फळी. नट चाक जमिनीवर असतानाच सैल. स्टेपनी काढून पट्टीखाली आडवी सारलेली, गाडी घसरलीच तर तिच्यावर बसावी म्हणून. दोन घोड्या तयार.

बांधीतल्या बाया कंबर सरळ करून बघत होत्या. एक दादा चिखलाचे पाय घेऊन वर आला. “चार जण बोलावतो न गुरुजी. फुलावानी गाडी हाय, उचलून धरतो.”

“उचलाल हो. कोणाला खोकला आला तर?”

मामाजींनी जॅक फळीवर ठेवला, पिशवीत हात घातला. दुसऱ्या पिशवीत घातला. मग सगळी डिकी रस्त्यावर मांडली. वाटी नव्हती.

फोन लावला. “अगं, ती पितळेची वाटी...”

“देवापुढे आहे. आज सोमवार न. दूध-साखर ठेवली तिच्यात. इतकी जड, मांजर पाडत नाही.”

मी म्हटलं, मामाजी, ठोकळा लावू, किंवा तसाच लावू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मुलगी दिली ती चूकच झाली. शेवटी मेहुणा मोटरसायकलने निघाला. आम्ही धुऱ्यावर बसलो. त्या दादाने घरून चहा आणला. मामाजींनी दोन कप घेतले. बारशातून तीन फोन आले. नाव ठेवून झालं होतं.

मेहुण्याने खिशातून वाटी काढली. कोरड्या साखरेचा थर होता तिला, आणि एक मुंगी. मामाजींनी मुंगी धानाच्या पात्यावर सोडली, वाटीत बोट फिरवलं, चाटलं.

“हं,” ते म्हणाले. “आता मागचा दगड पुन्हा एकदा बघून या.”