उजव्या पायाचे नियमन: क्रूझ की लिमिटर, याचा निर्णयविधी

आधुनिक मोटारीत चालकाच्या उजव्या पायाला वळण लावणारी दोन साधने असतात, आणि दोहोंची बटणे स्टिअरिंगवर इतकी शेजारी शेजारी बसवलेली असतात की गैरसमज नको म्हणून अनेक चालक गाडी विकेपर्यंत एकालाही हात लावत नाहीत. पहिले साधन म्हणजे क्रूझ कंट्रोल, ज्याला या विवेचनापुरते वेगधारक म्हणता येईल: चालकाने एकदा वेग ठरवून दिला की पाय काढून घेतला तरी गाडी तो वेग धरून ठेवते, आणि ब्रेकला किंवा क्लचला पाय लागताच साधन आपली जबाबदारी टाकून बाजूला होते. दुसरे म्हणजे स्पीड लिमिटर, अर्थात वेगमर्यादक: यात पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच राहतो, वेग कमीजास्त करण्याची मुभाही राहते, परंतु ठरवलेल्या आकड्यापुढे पेडल नेहमीसारखे दाबून गाडी ऐकत नाही, पेडल तळापर्यंत जोराने दाबल्यास मात्र ही बंदी तेवढ्यापुरती उठते, कारण ओव्हरटेक करताना मध्येच तत्त्वनिष्ठा आठवणे प्रकृतीस मानवणारे नसते.

या दोन साधनांना परस्परांचे वैरी मानण्याची चालकवर्गात रूढी असली, तरी वंशावळ पाहता ती सख्खी भावंडे ठरतात. वाफेच्या इंजिनाची गती आवरण्यासाठी जेम्स वॉटने १७८८ मध्ये फिरत्या गोळ्यांचा जो नियामक वापरला, तो या कुळातला पूर्वज. मोटारीतला वंशविस्तार मात्र राल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्याने केला, ज्याची दृष्टी वयाच्या पाचव्या वर्षी अपघाताने गेली होती आणि ज्याला त्यामुळे दुसऱ्याच्या शेजारी बसून प्रवास करावा लागे. त्याचे वकील गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी करीत आणि ऐकू लागले की वाढवीत, आणि या हिसक्यांना कंटाळून टीटरने हे यंत्र मनावर घेतले, अशी कथा सांगितली जाते. त्याला १९५० मध्ये मिळालेल्या पेटंटच्या शीर्षकातच हे साधन अ‍ॅक्सिलरेटरच्या दाबाला विरोध करणारे असल्याचे म्हटले आहे. म्हणजे ठरलेला वेग गाठताच पेडल पायाला उलटे ढकलू लागे, आणि आजच्या परिभाषेत ते क्रूझपेक्षा लिमिटरच्याच अधिक जवळचे होते. वेग आपणहून धरून ठेवण्याची सोय त्यात नंतर आली, क्रायस्लरने १९५८ मध्ये ते आपल्या उंची गाड्यांत बसवले आणि क्रूझ कंट्रोल हे नाव कॅडिलॅकने रूढ केले. अभ्यासकाने येथे एवढेच टिपून ठेवावे की या साधनाची प्रेरणा चालकाच्या सोयीतून आली नसून शेजारच्या आसनावरील त्राग्यातून आली आहे. त्या आसनाकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

दान करताना देश, काळ आणि पात्र पाहावे असा जो जुना दंडक आहे, तोच वेगाच्या बाबतीतही पाळावा. देशाचा विचार करता महाराष्ट्रात क्रूझला खऱ्या अर्थाने जागा मिळते ती समृद्धी महामार्गावर. नागपूर ते मुंबईलगतचे आमणे हा ७०१ किलोमीटरचा रस्ता सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची परवानगी देतो, दुचाकी आणि रिक्षा यांना तेथे प्रवेश नाही, आणि वळणे इतकी सौम्य आहेत की स्टिअरिंग हे केवळ हात ठेवण्याचे ठिकाण वाटू लागते. अशा रस्त्यावर क्रूझ लावणे शास्त्रसंमत असले, तरी पायाला रजा मिळाली की डोळ्यांनाही ती हवीशी वाटते, हा दोष तेथे विशेष जाणवतो. एकसुरी रस्त्याकडे पाहत राहून चालक उघड्या डोळ्यांनी गुंगावतो, या अवस्थेस महामार्ग संमोहन असे नाव आहे. समृद्धीवर त्याची इतकी चर्चा झाली आहे की अनेक प्रवाशांना संमोहनाची भीती वाटूनच जाग राहते. ज्यांना ती वाटत नाही त्यांनी लिमिटर लावावा, म्हणजे निदान पायाला काम राहील, आणि दर दोन तासांनी उतरून चार पावले चालावे, हे कोणत्याही साधनाच्या पुस्तिकेत न सापडणारे परंतु अधिक उपयुक्त कलम आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे गणित निराळे आहे. जेमतेम ९५ किलोमीटरचा हा रस्ता मोटारींना सपाटीवर ताशी १०० किलोमीटरपर्यंत जाऊ देतो. परंतु क्रूझ १०० वर टाकून पाय सैल सोडावा तोच उजव्या लेनमध्ये लोखंडी सळ्या भरलेला एक ट्रक दुसऱ्या ट्रकला, पादचाऱ्यालाही हेवा वाटणार नाही अशा फरकाने, मागे टाकत असलेला दिसतो. ब्रेक दाबावा लागतो, क्रूझ सुटते. ट्रक डावीकडे सरकला की पूर्वीचा वेग परत मागणारे बटण दाबावे, गाडीने वेग घ्यावा, आणि पुढे सळ्यांऐवजी कांद्याचा ट्रक असावा. खालापूर ते लोणावळा या टापूत हे बटण किती वेळा दाबले गेले यावरून अंगठ्याच्या व्यायामाचा अंदाज करता येतो. रडारच्या साहाय्याने पुढील वाहनापासूनचे अंतर आपोआप राखणारी नवी क्रूझ या दुखण्यावर उतारा म्हणून विकली जाते. ताशी १०० च्या वेगात दोन सेकंदांचे अंतर म्हणजे सुमारे ५५ मीटर मोकळा रस्ता, आणि आपल्याकडे मोकळी जागा ही सोडलेली नसून ठेवलेली आहे अशी इतरांची समजूत असल्याने तेथे कोणीतरी येऊन बसतो, यंत्र नव्या पाहुण्यापासून पुन्हा अंतर घेते, आणि अशा रीतीने आज्ञाधारक गाडी हळूहळू पुण्याकडून मुंबईकडे न जाता सौजन्याने मागे मागे सरकत असल्याचा भास होतो. अशा रस्त्यावर लिमिटरच श्रेयस्कर, कारण त्याला वेग किती वेळा मोडला याचे वाईट वाटत नाही.

बोरघाटात दोन्ही साधने निजवावीत. साधी क्रूझ इंधन कमी करू शकते, ब्रेक लावू शकत नाही, त्यामुळे उतारावर गाडी ठरलेल्या आकड्याच्या पुढे जाते. लिमिटरही बहुतेक गाड्यांत तेवढ्यापुरता आवाज करून आपले मतभेद नोंदवतो आणि थांबतो. घाट उतरताना खालचा गिअर हाच खरा वेगमर्यादक होय, आणि तो प्रत्येक गाडीत जास्तीचे पैसे न घेता दिलेला असतो. काळाच्या विचारात पावसाळा आला की क्रूझ वर्ज्य समजावी: साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागले तर पाय झटकन उचलणे ही पहिली क्रिया असते, आणि पेडलवर नसलेला पाय उचलता येत नाही.

आता पात्र, म्हणजे चालक; या विषयात खरा रस याच प्रकरणात आहे. क्रूझ आवडणारा चालक पेडल यंत्राच्या स्वाधीन करण्यास राजी असतो, पण निर्णय स्वतःकडे ठेवतो. तो सहसा लांबच्या प्रवासाचा, रिकाम्या रस्त्याचा आणि गुडघेदुखीचा माणूस असतो. लिमिटर आवडणाऱ्याचे उलट असते: पाय आपलाच हवा, परंतु त्या पायावर आपला विश्वास नाही, ही त्याची प्रामाणिक कबुली होय. मिठाईचा डबा स्वतःच्या हाताने वरच्या फळीवर ठेवून स्टूल शेजाऱ्याकडे देऊन येणाऱ्यांची ही जात. निवडीची सोपी परीक्षा अशी की चालकाने आपल्या घरी आलेली गेल्या वर्षभरातील ई-चलने तारखेनुसार मांडावीत. संख्या शून्य असल्यास क्रूझ, एकापासून पुढे लिमिटर, आणि सर्व चलने मेव्हण्याने गाडी नेली त्या दिवसांची निघाल्यास लिमिटर लावून त्याचे बटण कोठे आहे हे मेव्हण्यास सांगू नये.

तिसरे पात्र असे आहे ज्यास निवडच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ११८ अन्वये अनेक व्यावसायिक वाहनांना वेगनियामक बसवावा लागतो, जो ताशी ८० च्या पुढे जाऊ देत नाही. पुण्याहून विमानतळाकडे निघालेला, तीन तासांचा रस्ता अडीच तासांत होईल या हिशेबाने उशिरा उठलेला प्रवासी मागून म्हणतो, "जरा दाबा की." चालक आरशातून पाहत शांतपणे सांगतो, "साहेब, ऐंशीला लॉक आहे," आणि पाय तळाशी टेकवून दाखवतो, काटा हलत नाही. प्रवाशाचा सगळा राग यंत्राकडे वळतो आणि चालकाची पाठ मोकळी होते. स्वतःवर लादलेल्या मर्यादेचा असा सुखाने उपभोग घेणारा हा एकमेव वर्ग असून खाजगी चालकाने या वाक्याचा अभ्यास करावा, कारण लिमिटरचा सर्वांत दुर्लक्षित उपयोग वेगापेक्षा उत्तरे देण्यासाठी आहे.

यापुढे आकडा कोणता लावावा हा प्रश्न येतो. गाडीचा वेगदर्शक प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी दाखवू नये असा दंडक असल्याने उत्पादक तो किंचित पुढेच ठेवतात. सबब काटा १०० वर असताना रस्त्यावरचा वेग बहुधा त्याहून थोडा कमी असतो. ही माहिती मिळताच चालकांच्या एका पंथाने लिमिटर १०५ वर लावण्याची प्रथा पाडली असून ती जुन्या भाजीवाल्याकडे वर टाकलेल्या कोथिंबिरीसारखी हक्काची मानली जाते. दुसरा पंथ कॅमेऱ्यांचा अभ्यासक आहे. द्रुतगती मार्गावरील कमानींवरचे कॅमेरे दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढतात, त्यामुळे कॅमेरा दिसताच ब्रेक आणि मागे पडताच पाय, ही परंपरागत विद्या निरुपयोगी ठरली. तेव्हा या पंथाने जादा पळवून मध्ये चहाला थांबण्याचा उपाय काढला, ज्यास सरासरी उतरवणे असे म्हणता येईल. समजा दोन कमानींत २० किलोमीटर अंतर आहे: ताशी १२० ने ते १० मिनिटांत कापले जाते, ताशी १०० ने १२ मिनिटांत, म्हणजे निर्दोष ठरण्यासाठी २ मिनिटे थांबणे पुरते. फूड मॉलमध्ये गाडी लावायलाच त्याहून अधिक वेळ लागतो आणि बटाटावड्याच्या रांगेत आणखी पंधरा मिनिटे जातात. अशा प्रकारे चालक १२० च्या वेगाने जाऊन जेमतेम ४४ ने पोचतो आणि वडा मात्र गरम नसतो.

२०१९ पासून नव्या मोटारींत ताशी ८० ओलांडल्यावर अधूनमधून आणि १२० ओलांडल्यावर अखंड वाजणारी सूचनाही असते. युरोपात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींत रस्त्याची मर्यादा ओळखून चालकास सावध करणारी यंत्रणा आली; ती बंद करता येते, पण गाडी पुन्हा सुरू केली की पुन्हा हजर होते. आपल्याकडे हा स्वभाव नवा नाही.

कारण शेजारच्या आसनावर, ज्याचा उल्लेख राखून ठेवला होता, जी व्यक्ती बसते ती सर्व साधनांहून जुनी वेगसूचना आहे. तिच्याकडून "अहो, एकशेवीसने काय चालवताय?" असे विचारले जाते तेव्हा चालकाचा काटा ११० वर असतो, आणि या फरकावरून अनेक घरांत खोपोलीपर्यंत अबोला राहतो, वास्तविक दोघेही खरे बोलत असतात. काटा तबकडीच्या जरा पुढे बसवलेला असतो, आपल्याकडे चालक उजवीकडे असल्याने शेजारचा माणूस तबकडीकडे डावीकडून तिरके पाहतो, आणि तिरके पाहणाऱ्यास पुढची वस्तू मागच्यापेक्षा उजवीकडे सरकलेली दिसते; तबकडीच्या वरच्या भागात उजवीकडे म्हणजे जास्त वेग. यास दृष्टिभेद म्हणतात. चालकाने अशा वेळी क्रूझ लावली आहे असे सांगू नये, कारण त्याचा अर्थ "पाय कोठे आहेत तुमचे?" असा होतो, लिमिटर लावला आहे असे सांगावे, तेही वर लिहिलेल्या शांत स्वरात, आणि आकडा विचारल्यास पडद्यावरचा, म्हणजे ज्यास दृष्टिभेद लागत नाही असा, दाखवावा.

पुण्याच्या बाजूला किवळ्याशी द्रुतगती मार्ग संपतो आणि समोर ब्रेकच्या लाल दिव्यांची रांग दिसू लागते. येथे सवयीने पूर्वीचा वेग परत मागणारे बटण दाबले गेल्यास साधन नम्रपणे नकार देते, कारण पुरेसा वेग आल्याशिवाय साधी क्रूझ कोणाचे ऐकत नाही. पडद्यावर आकड्याऐवजी छोट्या आडव्या रेघा येतात, काटा शून्यावर टेकलेला असतो, आणि कळंबोलीपासून प्रथमच दोन्ही आसनांवरून एकच वेग वाचला जातो.