निवृत्त होऊ पाहणाऱ्या नेत्यांसाठी प्राथमिक धडे (गागोदे पद्धत)

साहित्य : शाल, श्रीफळ, मानपत्र, मधेच कुईंऽऽ करणारा माइक आणि पहिल्या रांगेत रडायला बसवलेले चार विश्वासू कार्यकर्ते.

मराठी माणूस निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. नेत्यांनी हे शब्दशः घेऊ नये, तरी घेतात. शरद पवारांनी २ मे २०२३ रोजी मुंबईच्या यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचे सांगितले. सभागृहात रडारड झाली आणि ५ मे रोजी राजीनामा मागे. ही झाली शहरी पद्धत. सोपी आहे, पण तिला कार्यकर्ते लागतात.

गागोदे पद्धतीला कुणीच लागत नाही, म्हणून ती अवघड. पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकमध्ये ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. घरात आजोबा शंभूराव चंदनाच्या गंधाचा गणपती करत आणि नातवंडे खोड उगाळत. एवढ्या हौसेने घडवलेला देव पूजा होताच पाण्यात. मुलाने विचारले असणारच, मग केला कशाला? (पेणचे कारखाने गणपती घडवून देशोदेशी पाठवतात, बोळवण ज्याची त्याने करायची. नेते घडवणाऱ्यांनाही ही सोय हवी होती.) विनोबांच्या घरी आवाहनाबरोबर विसर्जनही शिकवले जाई. आपल्या पुढाऱ्यांचा अभ्यासक्रम आवाहनाशीच संपतो.

सराव लहान वस्तूंपासून करावा. आधी प्रमाणपत्रे. विनोबांनी ती आईदेखत चुलीत घातली. मग परीक्षा : १९१६ च्या मार्चमध्ये इंटरसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरले आणि काशीला गेले. वडिलांना पत्राने कळवले. सत्कार नाही, गहिवर नाही. तुम्हाला एकदम एवढे झेपणार नाही. सरकारी बंगल्यापासून सुरुवात करा. चावी देताना हात थरथरला तर शेजारच्याने धरावा, चावी मात्र धरू नये.

पुढची पायरी पायांची. १९५१ पासून तेरा वर्षे भूदानासाठी देशभर चाललेल्या माणसाने १९७० मध्ये क्षेत्रसंन्यास घेतला. पवनारच्या आश्रमाबाहेर पाऊल नाही. नवशिक्यांनी निदान उद्घाटनाच्या फिती कापणे थांबवून पाहावे.

मग जीभ. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांनी वर्षभर मौन पाळले. इथे मात्र पद्धत फसते. त्या वर्षात आणीबाणी आली आणि मौनातल्या माणसाने लिहिलेले ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द सरकारने भिंतीभिंतीवर रंगवले. न बोलणाऱ्याच्या तोंडी काहीही घालता येते. तेव्हा मौन घेताना पाटी-पेन्सिलही काढून ठेवा.

शेवटी देह. त्याची तारीख निवडता येत नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबांनी अन्न, पाणी, औषध नाकारले आणि १५ तारखेला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. त्याच दिवशी मॉस्कोत सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांची अंत्ययात्रा होती. तिकडे गेलेल्या इंदिरा गांधी दौरा आटोपता घेऊन पवनारला पोहोचल्या.

भारतरत्न १९८३ मध्ये, मरणोत्तर. त्यामुळे विनोबांवर आभाराचे भाषण करण्याची वेळ आली नाही. नवशिक्यांनी हे साधण्याची घाई करू नये. तूर्त मानपत्र वाचणाऱ्याला दुसऱ्या पानाआधी थांबवता आले तरी पुरे.