बाटलीवाले काकाजी

आलापल्लीहून भामरागडकडे निघालं, की पेट्रोलपंप मागे राहतो आणि काकाजी सुरू होतात. एक नव्हे, बरेच. किराणा दुकान, बाहेर फळीवर पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरलेलं नारिंगी पेट्रोल, वर कुरकुऱ्यांची लटकती माळ आणि खाली स्टुलावर बनियनमधले काकाजी. कायद्याने पाहिलं तर यातली एक बाटलीसुद्धा विकता येत नाही. १९३४ चा पेट्रोलियम कायदा विनापरवाना ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवू देतो, पण विकायला नाही. स्फोटकं आणि पेट्रोलचे परवाने पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. पण नागपूर लांब. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडही लांब. मग काकाजीच पंप आणि काकाजीच कंपनी.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र माणूस कडक. गाडी थांबते न थांबते तोच हुकूम येतो.

"मोबाईल बंद करा जी आधी."

"काकाजी, इथं धड रेंज तरी आहे का?"

"म्हनूनच तं जास्त खतरा! रेंज शोधाले मोबाईल जोर लावते."

पंचाईत अशी, की यातलं अर्धं खरं आहे. रेंज कमी असली की फोन खरोखरच जास्त जोर लावतो. पण साध्या फोनचा सगळा जोर मिळून फार तर दोन वॅट. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपांवरच्या आगी धुंडाळल्या, तेव्हा स्थिर विजेच्या ठिणगीच्या दीडशेहून जास्त सापडल्या. फोनमुळे लागलेली सिद्ध अशी एकही नाही. पंपावर फोन बंद ठेवायचा नियम आहे, तो पाळावा, माझी तक्रार नाही. पण पंपाची नळी निदान जमिनीशी जोडलेली असते. इथे प्लॅस्टिकची बाटली, प्लॅस्टिकचं नरसाळं, आणि किक बसत नाही म्हणून चालूच ठेवलेली गाडी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरपटत जाते. दुकानामागे चुलीवर भात शिजतोय.

शिवाय काकाजींच्या ओठात बिडी.

"ती तरी विझवा," म्हटलं की ते दुखावतात. तेंदूपत्ता त्यांनी स्वतः मे महिन्याच्या उन्हात तोडलेला असतो. घरच्या पानावर कोणी संशय घ्यावा? तसं पाहिलं तर जळत्या बिडीपेक्षा ती पेटवणाऱ्या काडीचा धोका जास्त. पण बिडी ही वस्तूच अशी, की दोन झुरक्यांत विझते. म्हणून काकाजी पेट्रोल ओतता ओतता तीनदा काडी ओढतात, आणि प्रत्येक काडीनंतर तुमच्या खिशाकडे रोखून पाहतात.

एवढी धास्ती आली कुठून, हे विचारायची सोय नाही, कारण ते पुरावा दाखवतात. गल्ल्यातून स्वतःचा फोन काढतात आणि बाटल्यांच्या फळीला टेकून व्हिडिओ लावतात. कुठल्याशा पंपावर भडका उडतो, बायाबापड्या पळतात, खाली लाल अक्षरांत इशारा. "पाहा, पाहा. याचाच फोन होता," म्हणत ते बोटाने चित्र मोठं करून दाखवतात. पडदा काजळीने माखलेला असल्यामुळे आपल्याला ना माणूस दिसतो ना फोन. तेवढ्यात फळीवरचा डबा ओरडतो: मागच्या गिऱ्हाइकाचे शंभर रुपये जमा झाले.

"हा चालतो का, काकाजी?"

"हा तं बँकेचा हाय," ते शांतपणे म्हणतात.

एप्रिलमध्ये यांची गाठ पडली तर थोडा वेळ हाताशी ठेवावा. मोहफुलं पडण्याचे दिवस. झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जागा साफ केली की फुलं वेचायला सोपी, ही जुनी रीत. यातून वणवा लागतो म्हणून वनखातं दरवर्षी गावोगाव पत्रकं लावतं. त्यातलं एक काकाजींच्या दारावर आहे, आणि त्याची कड फाडून त्यांनी बाटल्यांना बुचं केली आहेत.

"जरा दुकान पाहा जी," ते टोपली उचलतात, माचिस हलवून आत काड्या आहेत ना ते ऐकतात, ती खिशात घालतात आणि झाडाकडे निघतात. चार पावलांवरून वळून ओरडतात,

"अन् फोन आला तं उचलू नोका!"