कौशल्य, रात्री 12 पर्यंत

चेन्नईच्या ओल्ड महाबलीपुरम रोडवर आयटीत रमलेला आपला हौशी पोकरवीर जिंकला की कौशल्य म्हणतो आणि हरला की नशीब. हातात एक्क्यांची जोडी, सगळे पैसे पुढे सारलेले, आणि शेवटच्या पानावर समोरच्याला तिसरी सत्ती लागते! मग पहाटेपर्यंत वसुली. म्हणजे उरलेलंही जातं.

गंमत अशी, की न्यायालयही त्याच्याच बाजूने बोललं. नोव्हेंबर 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रमी आणि पोकर हे कौशल्याचेच खेळ ठरवले. मग तमिळनाडूने फेब्रुवारी 2025 मध्ये नियम काढले: आधार पडताळणी हवी, आणि रात्री 12 ते पहाटे 5 लॉगिन बंद. कौशल्याला झोपायची वेळ ठरवून देणारं हे बहुधा पहिलंच सरकार. जूनमध्ये न्यायालयाने तेही उचलून धरलं.

तोवर करवाले बसलेच होते. भरलेल्या रकमेवर तेव्हा 28 टक्के जीएसटी, निव्वळ जिंकण्यावर 30 टक्के आयकर. तोटा मात्र पगारातून वजा होत नाही, तो सर्वस्वी तुमचा.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्य-नशीब वादच मिटला. आमचा वीर आता शेअर बाजारात ऑप्शन्स खेळतो. 2022 ते 2024 या आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शन्समध्ये दर 100 वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 जण तोट्यात गेले, असं खुद्द सेबी सांगते. पण आई शेजाऱ्यांना ताठ मानेने सांगू शकते, मुलगा मार्केटमध्ये आहे.