आधी इन्स्टॉल तर होऊ द्या!

पायथॉन किती संथ आहे यावर तावातावाने बोलणाऱ्यांनी एकदा डिप्लोमाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन बसावं. प्रोग्राम किती सेकंदांत चालतो याची तिथे कोणालाच पडलेली नसते. मुलं ताटकळलेली असतात ती पॅकेज, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, बसण्यासाठी. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमधला पहिला तास 'पिप इन्स्टॉल' टाइप करण्यात, लाल अक्षरांतला एरर मोबाइलवर शोधण्यात आणि सरांना हाका मारण्यात जातो. सर येतात, तीच आज्ञा पुन्हा देतात, तोच एरर पुन्हा येतो. शेवटी ज्याच्या मशीनवर चाललं त्याचं आउटपुट सगळ्यांच्या जर्नलमध्ये उतरतं, सही होते, आणि मुलगा घरी जातो तो 'आपल्याला प्रोग्रामिंग जमत नाही' असं ठरवून. त्याने तोवर प्रोग्रामची एक ओळही चालवलेली नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे. पॅकेज बसवण्याची व्यवस्था हा भाषेचाच भाग आहे. पायथॉनने तो भाग वीसेक वर्षं मुख्यतः सवड काढून काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या गळ्यात टाकला, आणि मथळे, पैसा, पगारी माणसं वेगाकडे वळली.

वेगाचं काम खोटं आहे असं मुळीच नाही. दोन संख्यांची बेरीज घ्या. सी भाषेत कंपायलरला आधीच ठाऊक असतं की दोन्हीकडे पूर्णांक आहेत. पायथॉनला ते ठाऊक नसतं. दर वेळी डावीकडे काय आहे, उजवीकडे काय आहे, आकडे आहेत की मजकूर की यादी, हे तपासून मग बेरीज. लूप दहा लाख वेळा फिरलं तर ही चौकशीही दहा लाख वेळा. २०२० मध्ये मार्क शॅनन यांनी चार वर्षांत पाचपट वेग गाठण्याचा आराखडा मांडला. भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम निवृत्ती सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि तिथे या कामासाठी पगारी गट उभा राहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ३.११ आवृत्तीने ही चौकशी आटोक्यात आणली. एखाद्या ओळीवर सतत पूर्णांकच येताहेत असं दिसलं, की पायथॉनचा कोड चालवणारा इंटरप्रिटर तिथली सूचना काढून पूर्णांकांच्या बेरजेची खास सूचना बसवतो. पुढे कधी वेगळं काही आलंच, तर तो जुन्या सूचनेवर परत जातो. चाचण्यांमध्ये ३.१० च्या तुलनेत सरासरी २५ टक्के वेग वाढला आणि त्यासाठी कोणालाही आपला प्रोग्राम बदलावा लागला नाही. उत्तम काम.

पाचपट मात्र जवळपासही आलं नाही. ३.१३ मध्ये प्रोग्राम चालू असतानाच त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा जेआयटी कंपायलर आला, प्रायोगिक म्हणून. ३.१४ च्या अधिकृत माहितीतच लिहिलं आहे की कामाच्या स्वरूपानुसार तो १० टक्के हळूही पडतो आणि २० टक्के वेगही देतो. याच ३.१४ मधल्या इंटरप्रिटरच्या एका नव्या रचनेने ९ ते १५ टक्के फायदा होतो असं आधी जाहीर झालं होतं. मार्च २०२५ मध्ये बाहेरच्या एका अभियंत्याने दाखवून दिलं, की ज्या क्लँग कंपायलरवर ही तुलना केली त्याच्या १९ व्या आवृत्तीत दोष होता आणि जुनी रचना त्यामुळे उगाच मागे पडलेली दिसत होती. आकडा ३ ते ५ टक्क्यांवर आला. पायथॉनच्या मंडळींनी तो उघडपणे दुरुस्त केला. असा प्रामाणिकपणा आपल्याकडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या जाहिरातींत मला अजून दिसलेला नाही. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने वेगाच्या त्या पगारी गटातल्या अनेकांना कामावरून कमी केलं. एका कंपनीच्या मर्जीवर भाषेचा वेग टांगून ठेवला की हेच होतं.

आता जीआयएल, म्हणजे ग्लोबल इंटरप्रिटर लॉक. पायथॉनमध्ये प्रत्येक वस्तूला आपल्याकडे किती जण बोट दाखवताहेत याची मोजणी असते. दोन थ्रेडनी ती एकाच वेळी बदलली तर मोजणी चुकेल, म्हणून सगळ्यांवर मिळून एकच कुलूप. आठ कोअरचं मशीन घ्या, पायथॉनचा कोड एका वेळी एकच थ्रेड चालवणार. मेटामधल्या सॅम ग्रॉस यांनी हे कुलूप काढण्याचा मार्ग शोधला, २०२३ मध्ये तो मान्य झाला आणि ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये कुलूप नसलेल्या पायथॉनला अधिकृत पाठिंबा मिळाला. फक्त ते वेगळं डाउनलोड करावं लागतं.

पण खरी मेख पुढे आहे. सी किंवा तत्सम भाषेत लिहिलेलं प्रत्येक पॅकेज या नव्या पायथॉनसाठी तपासून पुन्हा बांधावं लागतं. ज्या पॅकेजने 'मी कुलपाशिवाय चालायला तयार आहे' असं जाहीर केलेलं नाही, ते इंपोर्ट केल्याबरोबर पायथॉन एक इशारा छापतं आणि कुलूप पुन्हा लावून घेतं. म्हणजे इंटरप्रिटरमध्ये कितीही विद्वत्ता ओता, एखादं मागे राहिलेलं पॅकेज ती सगळी परत फिरवू शकतं. वेगाचा रस्ता पॅकेजांच्या दारातूनच जातो, आणि त्या दाराकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ नव्हता.

त्या दाराचा इतिहास चीड आणणारा आहे. २००३ साली पायपीआय हे पॅकेजांचं भांडार सुरू झालं, २००८ मध्ये त्यातून पॅकेजं बसवणारं पिप आलं. पॅकेजसोबत 'सेटअप डॉट पीवाय' नावाची फाइल यायची आणि ती फाइल म्हणजे एक पूर्ण प्रोग्राम. या पॅकेजला आणखी कोणती पॅकेजं लागतात एवढं विचारायचं असलं तरी तो प्रोग्राम आपल्या मशीनवर चालवावा लागे. पाहुण्याला पथ्य काय आहे ते विचारण्यासाठी आधी घराच्या किल्ल्या त्याच्या हातात द्यायच्या, तसला हा प्रकार. तो वर्षानुवर्षं चालला. दोन पॅकेजांना तिसऱ्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या हव्या असल्या, तर पिप जी आधी सापडेल ती बसवून पुढे जायचं. मोडलेली व्यवस्था मागे राहायची आणि एरर यायचा भलतीकडेच. या गुंत्याचा नीट हिशेब करणारा रिझॉल्व्हर पिपमध्ये आला नोव्हेंबर २०२० मध्ये. बारा वर्षांनी! आणि तो आला कारण मोझिला आणि चॅन-झुकरबर्ग उपक्रम यांनी मिळून चार लाख सात हजार डॉलर दिले. एवढी रक्कम मिळाल्यावर काम झालं, म्हणजे ते अशक्य कधीच नव्हतं. रस्ट भाषेची १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली ती कार्गो हे पॅकेजचं साधन सोबत घेऊनच. रुबीवाले २०१० पासून लॉक फाइल वापरताहेत. नेमक्या कोणत्या आवृत्त्या बसवल्या याची नोंद ठेवणाऱ्या त्या फाइलचं सर्वमान्य मानक पायथॉनला मार्च २०२५ मध्ये मिळालं.

मधल्या काळात काही चिवट माणसांनी मात्र मुकाट्याने पाया घातला. आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज, म्हणजे व्हील, आलं आणि व्हील उपलब्ध असेल तिथे मशीनवर सी कंपायलर असण्याची गरज संपली. २०१६ पासून 'पायप्रोजेक्ट' ही साधी फाइल रुजू लागली. तिच्यात माहिती नुसती लिहिलेली असते, ती वाचायला काही चालवावं लागत नाही. मग पॅकेजची माहिती पॅकेजपासून वेगळी देण्याची सोय झाली. आता एखादं शेकडो एमबींचं पॅकेज कशावर अवलंबून आहे हे कळायला ते अख्खं उतरवावं लागत नाही, काही केबींत काम होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अ‍ॅस्ट्रल या कंपनीने पॅकेज बसवणारं यूव्ही हे साधन आणलं. पिपपेक्षा दहा ते शंभरपट वेगवान असा त्यांचा दावा आहे. ज्याने वापरलं त्याला फरक सांगावा लागत नाही. यूव्ही रस्टमध्ये लिहिलं आहे, म्हणून लगेच 'सगळं रस्टमध्ये लिहा' असा गजर सुरू झाला. तो गजर करणाऱ्यांनी यूव्ही आत काय करतं ते बघितलेलं नाही. ते अनेक फाइली एकाच वेळी उतरवतं. जिथे नुसती माहिती पुरते तिथे पॅकेज उतरवत नाही. एकदा उतरवलेलं पॅकेज एका सामाईक साठ्यात ठेवतं आणि नव्या प्रकल्पात त्याची प्रत न करता शक्य तिथे तिकडे दुवा जोडतं. पिप मात्र प्रत्येक व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या स्वतंत्र कप्प्यात, नवी प्रत उलगडतं. ज्या मुलाच्या लॅपटॉपला २५६ जीबीची डिस्क आहे, त्याच्यासाठी हा फरक जेआयटीच्या टक्केवारीपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. आणि यातलं बरंचसं शक्य झालं ते स्वयंसेवकांनी दहा वर्षं भांडून, पटवून ठरवलेल्या मानकांमुळे. रस्टला श्रेय जरूर द्या, त्यांना आधी द्या.

यूव्हीचा परवाना मुक्त आहे, हे चांगलं. तरी ते एका कंपनीचं अपत्य आहे आणि कंपनीच्या गटाचं काय होतं ते मायक्रोसॉफ्टच्या उदाहरणात आपण पाहिलं.

भांडार चालवणाऱ्या पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थिती तर याहून नाजूक. चौदाएक कर्मचारी, वर्षाचा खर्च सुमारे पन्नास लाख डॉलर. पायपीआयवर लोकप्रिय पॅकेजच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन घातक कोड चढवणारे कमी नाहीत. त्यात इंपोर्टचं नाव एक आणि पॅकेजचं दुसरं, ही जुनी घाण आहेच. 'सीव्ही२' इंपोर्ट करायचं असेल तर बसवायचं 'ओपनसीव्ही-पायथॉन'. नवख्या मुलाने अंदाजाने नाव टाइप केलं की तो अनोळखी माणसाचा कोड घरात घेतो. चढवलेलं प्रत्येक पॅकेज आपोआप तपासणारी यंत्रणा उभारण्यासाठी फाउंडेशनला अमेरिकी सरकारच्या विज्ञान संस्थेकडून पंधरा लाख डॉलर मिळण्याच्या बेतात होते. अट अशी होती, की फाउंडेशनने विविधता आणि समावेशकतेचं कोणतंही काम कुठेही करायचं नाही, अगदी या अनुदानाबाहेरही. ऑक्टोबर २०२५ मध्ये फाउंडेशनने प्रस्ताव मागे घेतला. योग्य केलं. जगभरच्या मुलामुलींना सामावून घेत वाढलेल्या भाषेने असा करार करू नये. पण तपासणीचं काम त्यामुळे कमी झालं नाही, त्याचा खर्च कोणीतरी उचलायला हवा.

तो हिंजवडी, खराडी आणि ऐरोलीतल्या कंपन्यांनी का उचलू नये? त्यांचे बिल्ड सर्व्हर दर बिल्डला तीच पॅकेजं पायपीआयवरून पुन्हा पुन्हा उतरवतात. भांडाराची बँडविड्थ फास्टली या कंपनीने दान दिलेली आहे, म्हणजे हे दुसऱ्याच्या दानावरचं उधळेपण आहे. आपल्या आवारात कॅश ठेवायला एका अभियंत्याचे काही दिवस पुरतात. आणि फाउंडेशनचं वार्षिक प्रायोजकत्व घ्यायला संचालकांची एक सही. ग्राहकाला पायथॉनच्या कामाचं बिल लावता, तर भाषेलाही तिचा वाटा द्या.

कॉलेजातल्या सरांना आणि मॅडमना मात्र हात जोडून विनंती आहे. तंत्रनिकेतनच्या अभ्यासक्रमात 'मॉड्यूल्स आणि पॅकेजेस' हे प्रकरण आहे. ते नुसत्या व्याख्यांत संपवू नका. सगळ्या मशीनवर पायथॉनची एकच आवृत्ती ठेवा, आणि ती अगदी नवी नको. नव्या आवृत्तीसाठी व्हील तयार नसलं की पिप कोड बांधायला बसतं आणि मुलांच्या पडद्यावर 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ हवं' हा एरर येतो. सत्र सुरू होण्याआधी चांगलं इंटरनेट असलेल्या एका मशीनवर 'पिप डाउनलोड' वापरून लागणारी सगळी व्हील्स एका फोल्डरमध्ये उतरवा. ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथॉनची आवृत्ती लॅबसारखीच असू द्या. ते फोल्डर लॅबच्या सर्व्हरवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. पिपला 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स' हे दोन पर्याय दिले, की ते इंटरनेटला हात न लावता त्या फोल्डरमधूनच बसवतं. मुलांना पहिल्याच दिवशी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करायला शिकवा, बसवलेल्या आवृत्त्यांची यादी फाइलमध्ये ठेवायला शिकवा आणि त्याचे गुण द्या. येत्या सत्राचं पहिलं प्रॅक्टिकल हेच घ्या.