प्रकल्पबाप

पुणे-लोणावळा लोकल देहूरोड सोडून मावळात शिरली की डब्यात एक तरी प्रकल्पबाप हमखास भेटतो. काखेत चार्टपेपरची गुंडाळी, कानाला फोन आणि चेहऱ्यावर तालुका विज्ञान प्रदर्शनाची काळजी. प्रदर्शन लेकीचं, इयत्ता सातवी. पण ‘आपला नंबर आलाच पाहिजे’ हे वाक्य त्याचं.

नोकरी तळेगाव एमआयडीसीत. तिथे हा माणूस शिस्तीचा पुतळा. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ माइकवरून हाच देतो. गॉगलशिवाय पाऊल टाकत नाही, लेबल नसलेला कॅन दिसला की अख्ख्या शिफ्टला फैलावर घेतो. सुटताना गेटवर हेल्मेट जमा करतो. त्यासोबत आणखी काय काय जमा होतं ते घरच्यांनाच ठाऊक.

घरी अंगात बनियन, खाली बर्मुडा आणि ओट्यावर रसायनशास्त्र.

शाळेच्या बाईंनी सांगितलेलं एवढंच होतं: जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात घाला, त्या पाण्यात लिंबू पिळलं की गुलाबी रंग, साबणाचं पाणी टाकलं की हिरवा. ‘जास्वंद? पूजा मांडायचीय का?’ म्हणत प्रकल्पबाप थेट हार्डवेअरच्या दुकानात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013च्या आदेशानुसार अ‍ॅसिड घेणाऱ्याने ओळखपत्र दाखवायचं, कारण सांगायचं, दुकानदाराने ते वहीत नोंदवायचं आणि 18 वर्षांखालच्या कुणाला द्यायचंच नाही. याने ऐटीत कारण लिहायला लावलं, ‘मुलीचा प्रकल्प’. गृहस्थ सज्ञान असल्याने कायद्याचाही इलाज चालला नाही.

अ‍ॅसिड शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत गेलं, बाटली गॅलरीत. लेबल? ‘घरातल्यांना माहितीये की!’ जून 2023मध्ये द्रुतगती मार्गावर लोणावळा-खंडाळ्याजवळ रसायनाचा टँकर पेटून चार जण गेले, तेव्हा ‘या लोकांना ट्रेनिंगच नसतं’ असा लांबलचक मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारा हाच.

मग साबण. जुलैतली मावळची हवा, भिंतींनाही ओल. कॉस्टिक सोड्याचे पापुद्रे हवेतलं पाणी ओढून घेतात, हे त्याला तोंडपाठ. तरी पुडी वर्तमानपत्राची. दुपारपर्यंत ती बुळबुळीत झाली, ओट्यावर ओघळ आला. पाणी सांडलं असेल म्हणून आजी पुसायला गेल्या आणि बोटं चुरचुरायला लागली. उरलेला ऐवज प्रकल्पबापाने हिंडालियमच्या पातेल्यात लोटला, वर पाणी ओतलं. पातेलं सूं सूं करत फसफसलं आणि काळं पडलं. अ‍ॅल्युमिनियम आणि कॉस्टिक एकत्र आले की हायड्रोजन सुटतो. शेजारच्या शेगडीवर कुकर होता.

बायकोने आधी शेगडी बंद केली, मग खिडक्या उघडल्या, सासूबाईंचा हात नळाखाली धरला आणि शेवटी नवऱ्याकडे बघितलं. तिची पदवी मराठीची. पण संडास धुण्याचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर ती कधी एका फळीवर ठेवत नाही. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन निघतो आणि छाती भरून येते, एवढं तिला पुरतं.

एवढ्यावर थांबेल तर तो प्रकल्पबाप कसला! पुढचा बेत ज्वालामुखी. खायचा सोडा आणि व्हिनेगर म्हणजे त्याच्या मते बालवाडी; त्याला हवं अमोनियम डायक्रोमेट. नारिंगी स्फटिक पेटवले की ठिणग्या आणि हिरवी राख, दिसायला झकास. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक, ती धूळ नाकातोंडात जाते, हे डब्यावरच छापलेलं असतं. पण याने स्फटिक चिक्कीच्या रिकाम्या खोक्यात काढून ठेवलेले, आणि लोणावळ्याच्या घरात चिक्कीचं खोकं कोण उघडत नाही? गंमत म्हणजे, ज्या कातळावर हे घर उभं आहे तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच. तो बहुतेक जमिनीच्या भेगांतून वाहत आला, थरावर थर साचला. त्या पायऱ्या लोहगड-विसापूरच्या कड्यांवर दिसतात. प्रकल्पबापाचा टोकदार शंकू मात्र जपानच्या फुजीचा. बायकोने तो माळ्यावर टाकला आणि खोकं त्याच्याच हाती देऊन कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरकडे पाठवलं.

प्रदर्शनात लेकीने जास्वंदच मांडली. परीक्षकांनी विचारलं, ‘सुरक्षेची काय काळजी घेतलीस?’

‘डोळ्यात काही उडालं तर निदान 15 मिनिटं वाहत्या पाण्यात धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं,’ ती म्हणाली. ‘आणि प्रयोग चालू असताना आईने बाबांना दूध आणायला पाठवलं होतं.’

परीक्षक कागदावर काहीतरी लिहू लागले. मागे प्रकल्पबाप टाचा उंचावून गुण वाचत होता.