'द' कुठं लावायचा?

रेडिंग, इंग्लंड
दि. 15 डिसेंबर

ती. अण्णा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. इकडं सगळी खुशाल आहेत. थंडी म्हणाल तर मजबूत आहे, आणि दुपारी चारलाच अंधार पडतो. चिऊ शाळेतून घरी येऊन दूध पिऊन होईस्तोवर दिवेलागण झालेली असते. आपल्या वारणेच्या तात्यासाहेबांच्या पुण्यतिथीचं परवाचं कुस्त्यांचं मैदान कसं झालं ते पुढच्या पत्रात लिहा. नुसतं 'चांगलं झालं, गर्दी होती' नको. शेवटची कुस्ती कुणी कुणाला कुठल्या डावावर मारली, तेवढं तरी पाहिजे.

आता तुमच्या फर्मानाकडं येतो. पिंट्याला आयईएलटीएसच्या परीक्षेत लेखनाला सहाच बँड पडले, क्लासचे सर म्हणाले 'याची आर्टिकल्स कच्ची आहेत', म्हणून "'द' कुठं लावायचा याचा एक पक्का नियम कार्डावर लिहून धाड" असं तुम्ही लिहिलंय. अण्णा, तुमची अख्खी नोकरी कारखान्याच्या काट्यावर गेली. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, रिकामी झाली की पुन्हा घ्यायची, वजाबाकी केली की ऊस किती ते कळलं. इंग्रजीला असा काटा असता तर रेन आणि मार्टिन या दोघांना व्याकरणाचं पुस्तक काढायचं कारणच पडलं नसतं.

त्यातला रेन मोठा गमत्या माणूस होता. हिंदुस्थानात शिक्षण खात्यात नोकरीला होता, कराचीत होता. 1924 साली त्यानं 'बो जेस्ट' नावाची कादंबरी लिहिली. तिच्यातले भाऊ घर सोडून फ्रेंचांच्या परदेशी पलटणीत भरती होतात आणि वाळवंटात लढतात. ती गाजली, तिच्यावर सिनेमे निघाले. एवढं वाळवंट तुडवून झाल्यावरही गड्याच्या अंगात रग उरली होती, म्हणून 1930 च्या दशकात त्यानं व्याकरणाला हात घातला. वाळवंटातनं वाट निघते. आर्टिकलांच्या धड्यातनं पिंट्याची अजून निघालेली नाही.

पिंट्याला बोलू मात्र नका. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवली. 2000 सालापासून सरकारनं इंग्रजी पहिलीपासून आणलं, तो त्यानंतरचा. त्याची अडचण आमच्यापेक्षा चार वर्षं आधी सुरू झाली, एवढंच.

पुस्तकातला नियम सोपा दिसतो. माहीत नसलेल्या एकाला 'ए', माहीत असलेल्याला 'द'. स्वर आला की 'ए'चा 'अ‍ॅन' होतो, पण तो कानाला ऐकू येणारा स्वर, कागदावरचा नव्हे. म्हणून 'अवर'च्या मागं 'अ‍ॅन', कारण त्यातला एच मुका. आणि 'युनिव्हर्सिटी'च्या मागं 'ए', कारण अक्षर यू असलं तरी तोंडातनं 'य' निघतो. आपल्या शिवाजी विद्यापीठालाही तोच न्याय. राजकारणात तर याची मजाच आहे. आमदाराला इंग्रजीत तीन अक्षरांत म्हटलं की 'अ‍ॅन एमएलए', खासदार 'अ‍ॅन एमपी'. पण तोच माणूस पूर्ण शब्दांत 'मेंबर' झाला की 'ए मेंबर'. सरपंचाला पहिल्यापासून 'ए'च. म्हणजे मुंबई-दिल्लीला निवडून गेलं की एक 'न' जास्त मिळतो, ग्रामपंचायतीला तेवढीही तरतूद नाही.

हा 'न' बिलंदर आहे. क्रिकेटमधला अंपायर हा मुळात 'नंपायर'सारखा काहीतरी होता, फ्रेंचांकडनं आलेला. 'ए नंपायर, ए नंपायर' म्हणता म्हणता लोकांनी 'न' मागच्या 'ए'ला चिकटवला आणि शब्दच बोडका करून टाकला. स्वयंपाकघरातल्या एप्रनचंही तेच झालं. ज्यांना स्वतःच्या शब्दातलं अक्षर कुठलं आणि आर्टिकल कुठलं हे नीट ठेवता आलं नाही, ते आता पिंट्याचे मार्क कापतात. असो.

'द'ची गंमत वेगळी. आपल्याकडं तो 'दि' होऊन आला आणि थेट सहकारी बँकांच्या पाट्यांवर जाऊन बसला. दि महाराष्ट्र स्टेट को-ऑपरेटिव्ह बँक, दि कॉसमॉस को-ऑपरेटिव्ह बँक. पेंटर दिलदार असला की 'दि'पुढं टिंबही देतो. आई अशा पाट्या वाचताना थांबायची, आठवतंय? "दि. म्हणजे दिनांक, मग तारीख कुठाय?" म्हणायची. त्या वेळी आपण हसलो. पण बरोबर तिचंच होतं. मराठीत टिंबवाला 'दि.' तारखेचाच. माझ्या मते महाराष्ट्रात इंग्रजी आर्टिकलाचा खरा प्रसार शाळांनी केला नाही, सहकार खात्याच्या नोंदणीनं केला.

नद्या, डोंगर, गावं यांचा हिशोब तर तुम्हाला सांगितलाच पाहिजे, कारण त्यावरनं आमच्या घरात कलागत झाली. इंग्रजीत नदीला 'द' लागतो, तळ्याला लागत नाही. म्हणजे वारणा नदीला 'द', पंचगंगेला 'द', पण रंकाळ्याला काही नाही. डोंगरांच्या रांगेला 'द', एकट्या शिखराला नाही. गावाला नाहीच. वारणा 'द' घेऊन चांदोलीहून वाहत येते आणि तिच्याच नावाच्या वारणानगरला तो मिळत नाही. यातही अपवाद आहेतच. हॉलंडमध्ये 'द हेग' म्हणून शहर आहे, ते 'द' लावून मिरवतं. युक्रेनला इंग्रज पूर्वी 'द' लावायचे. 1991 ला तो देश स्वतंत्र झाला आणि त्यांनी सांगितलं, आम्ही देश आहोत, मुलूख नव्हे, तो 'द' काढा. तसा तो निघालाही.

मी हे सगळं जेवताना सांगत होतो, तेवढ्यात मी बोलून गेलो की इंग्रजांच्या जुन्या पुस्तकांत कोकणाला 'द कोकण' लिहिलेलं असतं. झालं. तुमच्या सूनबाईंचं माहेर चिपळूण. तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे कोकणाला 'द' आणि कोल्हापूरला नाही?" मी म्हटलं, अगं, दख्खनलाही 'द डेक्कन' म्हणायचे, कोल्हापूर त्यातच आलं. तर म्हणे, "वाट्यानं आलेलं वेगळं, स्वतःचं वेगळं." त्या दिवसापासनं ती माहेरी फोनवर "आमचं द कोकण" असंच म्हणते. आंब्याच्या मोसमात हे फार वाढेल अशी मला धास्ती आहे.

नुसत्या एका 'द'नं माणसाचं काय होतं याचा इथला एक प्रकार सांगतो. आमच्या ओळखीचा सांगलीकडचा एक इंजिनिअर आहे, वायरिंग-कॅमेऱ्यांची कामं घेतो. त्याला एका तुरुंगाचं काम लागलं. मुलाच्या शाळेत पालकांची बैठक होती. यानं बाईंना सांगितलं, पुढचा आठवडाभर मी तुरुंगात आहे, येता येणार नाही, मुलाची आई येईल. आता इंग्रजीत तुरुंगाच्या मागं 'द' घातला तर तुम्ही त्या इमारतीत कामाला गेलात. 'द' गाळला तर तुम्ही शिक्षा भोगायला गेलात. यानं गाळला. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त मान हलवली आणि याच्या हातावर हात ठेवला. तेव्हापासून त्या पोराचे वर्गात फार लाड झाले. गृहपाठ राहिला तरी चालायचं. वर्षअखेरीस हाच गृहस्थ सूट घालून गाडीतनं उतरला, तेव्हा बाईंनी "लवकर सुटलात, छान झालं" म्हणून अभिनंदन केलं. पोरगं अजून बापाला म्हणतं, परत एखादं काम घ्या की तुरुंगाचं.

दवाखान्याचंही असंच. इथं 'इन हॉस्पिटल' म्हणजे खाटेवर, 'इन द हॉस्पिटल' म्हणजे नुसते त्या इमारतीत, मग डबा घेऊन का असेना. अमेरिकेत खाटेवर असलात तरी 'द' लावतात. पिंट्यानं कुठल्या देशात आजारी पडायचं ते आधी ठरवावं.

आणि आपणच चुकतो असं मनाला लावून घेऊ नको म्हणावं. जुलै 1969 मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला, तेव्हाचं त्याचं वाक्य सगळ्या जगानं ऐकलं. त्यात 'मॅन'च्या मागं 'ए' पाहिजे होता. 'ए' नसला की 'मॅन' म्हणजे अख्खी मानवजात होते, आणि वाक्याचा अर्थ होतो, मानवजातीचं हे छोटं पाऊल, मानवजातीची ही मोठी झेप. आर्मस्ट्राँग म्हणायचा, मी 'ए' म्हणालो होतो. ध्वनिफितीत तो ऐकू येत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं वाद घालत बसले. एवढा खर्च करून माणूस चंद्रावर पोचला, आणि अडला कशावर, तर एका 'ए'वर.

आता कामाचं. हे पिंट्याला वाचून दाखवा, मधलं कोकणाचं सोडून द्या. मराठीत आर्टिकल नाही असं क्लासमध्ये सांगतात. वेगळा शब्द नाही हे खरं, पण काम चालतंच. आपण 'डॉक्टर बोलाव' म्हणतो तेव्हा कुठलाही चालतो, जो भेटेल तो आण. 'डॉक्टरांना बोलाव' म्हटलं की आपले नेहमीचे. हा 'ना', हा 'ला' म्हणजे आपला 'द'. दादाच्या लग्नाच्या वेळी तुम्ही कोडोली, बांबवडे, इस्लामपूर असे वर्षभर 'मुलगी बघत' हिंडलात. ते सगळं 'ए' होतं. वहिनी ठरल्या आणि दादा सुट्टीच्या दिवशी 'मुलीला बघायला' जायला लागला. तो 'द'. तुम्हाला 'ए' चालला, 'द'वर तुम्ही चिडलात. पिंट्यानं इंग्रजी वाक्य लिहिताना ते आधी मराठीत म्हणून बघावं. जिथं 'ला' आपसूक येतो तिथं 'द'कडं हात जाऊ द्यावा. माणसांच्या नावांना हे लावू नये. बाकी बरंच निभतं. आणि आई तुम्हाला 'हे' म्हणते ना, 'हे घरात नाहीत', 'ह्यांना विचारून सांगते', एवढा पक्का 'द' साऱ्या इंग्रजीत कुठं नसेल.

पिंट्याचं घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी, असं मला त्याचा निबंध वाचून वाटलं. तुम्ही फोटो पाठवलात तो. 'माय व्हिलेज'. त्यात त्यानं लिहिलंय की काका कारखान्यावर आहेत, आत्या संघात आहे, आई बझारला गेली, ताई कॉलेजवर आहे. मला सगळं लख्ख दिसलं. कारण आपल्याकडं कारखाना म्हणजे एकच, संघ म्हणजे दुधाचाच, बझार म्हणजे वारणा बझार, आणि मैदान म्हणजे 13 डिसेंबरचं. कुठला, असं विचारणारा माणूस म्हणजे पाव्हणा. वारणानगरात जन्मलेल्या पोराला समोरच्याला काय माहीत नाही याचा विचार करायची सवयच लागत नाही, कारण समोरच्याला सगळं माहीत असतं. तुमच्या म्हशीनं सकाळी किती दूध दिलं तेसुद्धा. निबंध तपासणारा साहेब मात्र कधी काट्यावर उभा राहिलेला नाही. कारखाना आहे हेच त्याला पहिल्यांदा कळतंय. त्याला आधी 'ए' लावून ओळख करून द्यायची, मग 'द' लावून पुढं बोलायचं.

समोरासमोर असलं की कशाचीच गरज पडत नाही, ते आईला विचारा. गेल्या उन्हाळ्यात ती इथं होती तेव्हा शेजारच्या पोलिश बाईंशी तिचं मेतकूट जमलं होतं. पोलिश भाषेतही आर्टिकलं नाहीत. कुंपणावरनं दोघींचं चालायचं. बाई काकडीचं खारवलेलं लोणचं द्यायच्या, आई बरणी धुऊन त्यात लिंबाचं भरून परत करायची. "जार गुड?" "जार व्हेरी गुड. टुमारो गिव्ह." "गिव्ह, गिव्ह. लेमन फिनिश." मी खिडकीतनं ऐकत होतो. अर्धा तास बोलणं झालं, एकदाही 'द' आला नाही आणि एकाही लोणच्याचा घोटाळा झाला नाही. बाई परवा भेटल्या, म्हणाल्या, "मदर व्हेन कम?" मी म्हटलं, "समर." चिऊनं मागनं माझा कोट ओढला आणि हळूच 'इन द समर' केलं. तिच्या शाळेचा हा परिणाम.

पिंट्यानं रोज एक पान लिहावं, फोटो काढून मला धाडावं. विषय असे घ्यावेत की ज्यातलं साहेबाला ठाऊक नाही: गुऱ्हाळ, जोतिबाची चैत्री, वाद्यवृंदाची तालीम. पुढच्या परीक्षेची तारीख फेब्रुवारीतली घ्या, जानेवारीत घाई होईल. फीचे पैसे मी दादाच्या खात्यावर टाकलेत.

सूनबाईंचा नमस्कार. चिऊचा पापा. दादा-वहिनींना नमस्कार सांगा. अण्णा, गुडघ्याला तेल लावत जा, आणि म्हैस गाभण राहिली का ते कळवा.

तुमचा,
बाळू

ता. क. चटणी संपली. कोडोलीचा तो पोरगा जानेवारीत इकडं परत येणार आहे, त्याच्याजवळ द्या. कुठली चटणी ते आईला ठाऊक आहे.